अंड्यातली खिडकी

पारकर मॅडम कोन गावाहून कॉलेजात यायला रिक्षा करत, तेव्हा बसण्याआधी रिक्षावाल्याला विचारत, "तुम्हाला घाई नाही ना?" पनवेलच्या रिक्षावाल्याला असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो गोंधळून "नाही" म्हणायचा आणि तिथेच फसायचा. मग मॅडम मांडीवर अंड्यांचे दोन ट्रे घेऊन बसायच्या, त्यांच्यावर जुनी सुती ओढणी पांघरायच्या आणि प्रत्येक खड्ड्याआधी शांतपणे म्हणायच्या, "हळू. गाडीत बाळंतीण आहे असं समजा." एकदा मीही त्यांच्याबरोबर होते. एरवी वीस मिनिटांच्या त्या रस्त्याला आम्हाला तास लागला. उतरताना रिक्षावाला मला हळूच म्हणाला, "ताई, एवढं सांभाळून मी माझ्या बायकोलापण दवाखान्यात नेलं नव्हतं."

सबिहा पारकर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी रसायनशास्त्र शिकवायला लागले ते दोन हजार सहाच्या सुमाराला. मी तिशीची, कामोठ्यात नवीन संसार थाटलेली. त्या चाळिशी ओलांडलेल्या, पनवेलच्या मोहल्ल्यात वडिलांबरोबर राहणाऱ्या. आई लवकर गेली, भाऊ कतारला. लग्न का केलं नाही हे मी आठ वर्षांत विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उंच, किंचित वाकून चालणाऱ्या, फिकट रंगाचा सलवार-कमीज आणि खांद्यावरच्या पिशवीत कायम एक भिंग. वर्गात त्यांचा आवाज चढत नसे. मुलं दंगा करायला लागली की त्या बोलायच्या थांबायच्या आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या. दोन मिनिटांत वर्ग गप्प. मी तो प्रयोग माझ्या वर्गात करून पाहिला. मुलं खुशाल बोलत राहिली.

पीएच.डी. त्यांनी उशिरा घेतली होती करायला. स्टाफरूममध्ये त्यावर हलकी टिंगल चालायची. "मॅडम, पदवी मिळेपर्यंत निवृत्ती येईल," असं कुणी म्हणालं की त्या मान हलवून म्हणायच्या, "येऊ दे की. वेळच वेळ मिळेल मग."

त्यांचा विषय मला त्यांनी पहिल्यांदा समजावून सांगितला तो कँटीनमध्ये, टेबलावर सांडलेल्या चहात बोटाने रेषा ओढत. शरीरात गरज पडेल तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. जखम भरायची तर त्या हव्यातच. मधुमेही माणसाच्या पायाची जखम चिघळत राहते, कारण तिथे त्या नीट फुटत नाहीत. उलट कॅन्सरच्या गाठीला त्या मिळाल्या की गाठ फोफावते. आणि डोळ्याच्या पडद्यावर नको असताना फुटल्या, तर त्या इतक्या नाजूक असतात की तुटतात, आत रक्त सांडतं आणि नजर जाते. "म्हणजे एकच गोष्ट," त्या म्हणाल्या, "कुठे कमी पडते, कुठे जास्त होते. तिला पाहिजे तिथे आणि पाहिजे तेवढंच आवरता आलं पाहिजे." हे आवरण्याचं काम सोन्याचे अतिसूक्ष्म कण करू शकतील का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आणि बघायची जागा होती कोंबडीचं अंडं.

उबवायला ठेवलेल्या अंड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रक्तवाहिन्यांचं जाळं पसरायला लागतं. मॅडम नखं कापायच्या बारीक कात्रीने कवचाला रुपयाच्या नाण्याएवढी खिडकी पाडायच्या आणि ती पारदर्शक टेपने बंद करायच्या. मग रोज त्या खिडकीतून आत बघायचं. आठव्या दिवशी गाळणकागदाची चिमुकली चकती औषधात भिजवून आत ठेवायची आणि दोन दिवसांनी तिच्याभोवतीच्या वाहिन्या भिंगाखाली मोजायच्या.

कोनला म्हात्रेकाकांची हॅचरी होती, अंडी उबवून पिल्लं विकायची. सुरुवातीला त्यांचा मॅडमवर विश्वास नव्हता. "खायची नाय, पिल्ला काढायची नाय, मंग तुमी अंडी नेऊन करता काय?" असं ते दर वेळी विचारायचे आणि मुद्दाम जुनी अंडी द्यायचे. जुन्या अंड्यांतली निम्मी उबतच नसत. मॅडमनी तक्रार केली नाही. एका सकाळी त्या खिडकी पाडलेलं एक अंडं डब्यात कापसावर ठेवून कोनला घेऊन गेल्या. मी बरोबर होते. काकांच्या हातात त्यांनी भिंग दिलं. काकांनी टेप लावलेल्या खिडकीतून आत पाहिलं. लाल जाळ्याच्या मधोमध मोहरीएवढा एक ठिपका फडफडत होता.

"ह्या काय हाय?"

"काळीज," मॅडम म्हणाल्या. "चौथा दिवस आहे आज."

काका बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी बायकोला हाक मारली, तिला दाखवलं. डोळ्याला भिंग लावूनच ते म्हणाले, "जलम गेला माजा कोंबड्यांत, पन ह्या कंदी बगला नाय." त्यानंतर मॅडमची अंडी ते स्वतः निवडून, त्याच सकाळची काढून ठेवायचे. रिक्षा फाटकातून बाहेर पडेपर्यंत मागून चालत यायचे.

तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. उबवणीच्या पेटीला बॅटरी जोडलेली होती, पण ती तीन-चार तासांपलीकडे टिकत नसे. एका मे महिन्यात कॉलेजजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दोन दिवस वीज येणार नाही असं कळलं. आत सहाव्या दिवसाची अंडी होती. मी हळहळत होते, तोवर मॅडमनी ट्रे ओढणीत गुंडाळले आणि मोहल्ल्यातल्या बेकरीत नेले. भट्टीच्या मागच्या भिंतीला एक कोनाडा होता. थर्मामीटर लावून त्यांनी तिथली ऊब तपासली, दोन फळ्या मध्ये घालून ती हवी तेवढी कमी केली, आणि ट्रे मांडून शेजारी मैद्याच्या पोत्यावर उत्तरपत्रिका तपासत बसल्या. एक गिऱ्हाईक येऊन बेकरीवाल्या चाचांना म्हणालं, "ती अंडी कशी दिली?"

"ती विकायची नाहीत," चाचा म्हणाले. "ती कॉलेजात जातात."

दोन दिवस मॅडम सकाळी बेकरी उघडल्यापासून तिथे बसल्या. रात्री त्या घरी गेल्या की चाचा स्वतः दर तासाला थर्मामीटर बघत आणि पावाच्या कागदावर आकडा लिहून ठेवत. एकाही अंड्यातली धडधड थांबली नाही. तो पावाचा कागद मॅडमनी प्रयोगाच्या वहीत चिकटवला आणि खाली पेन्सिलीने लिहिलं : नोंद बेकरीमालकांची.

सोन्याचं काम माझ्याकडे कसं आलं, तेही सांगते. एक दिवस त्या माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वैशाली, तुला सोन्याचं काम जमेल?"

"दागिना करायचाय का मॅडम?"

"दागिन्याच्या उलट. इतकं बारीक करायचंय की दिसायला नको."

सोन्याचा क्षार पाण्यात उकळून त्यात सायट्रेट टाकलं की पिवळसर पाणी आधी स्वच्छ होतं, मग काळपट आणि मग बघता बघता कोकमाच्या सरबतासारखं लालभडक. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. मॅडमनी चंबू उजेडात धरला आणि विचारलं, "हे उद्याही असंच राहील?"

राहिलं नाही. पनवेलच्या उकाड्यात ते कण एकमेकांना चिकटायचे, पाणी जांभळं व्हायचं आणि तळाशी गाळ बसायचा. वर्षभर आम्ही तेच करत होतो : करायचं, बिघडायचं, पुन्हा करायचं. शेवटी मी एक वेगळी पद्धत वाचली. त्यात साबणासारखं एक रसायन वापरतात, ते कणांभोवती बसतं आणि त्यांना चिकटू देत नाही. मी तसं केलं, वहीत लिहिलं, बाटली मॅडमना दिली. महिना झाला तरी पाणी लालच.

आणि त्या बाटलीने कमाल केली. चकतीभोवतालच्या रक्तवाहिन्या जणू पुसून टाकल्या. एरवी फांद्या फांद्या दिसायच्या तिथे पांढरं, मोकळं वर्तुळ. मॅडमनी ते पुन्हा केलं, तसंच आलं. हैदराबादच्या एका परिषदेला त्यांचा निबंध निवडला गेला. प्राचार्यांना इतका आनंद झाला की त्यांनी गावातल्या वर्तमानपत्राला कळवलं, आणि 'पनवेलच्या प्राध्यापिकेचे कॅन्सरवर सोनेरी औषध' अशी बातमी मॅडमच्या फोटोसकट आली. मॅडम ती वाचून म्हणाल्या, "औषध कुठे आहे? अंडं आहे फक्त." पण त्याही आनंदात होत्या. त्या महिन्यात त्या जरा भरभर चालायच्या, एवढं मला आठवतं.

त्याच महिन्यात त्यांच्या वडिलांच्या डोळ्यात रक्त उतरलं.

अब्बांनी कुवेतला तेवीस वर्षं टँकर चालवला होता. मधुमेह जुना. एक डोळा आधीच अधू होता. त्या दिवशी सकाळी दुसऱ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले आणि दुपारपर्यंत सगळं धुरकट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यावर नव्या वाहिन्या फुटल्या आहेत, त्यातली एक तुटली. म्हणजे कँटीनच्या टेबलावर मॅडमनी चहात जे काढून दाखवलं होतं, तेच.

मी भेटायला गेले तेव्हा अब्बा पलंगावर उशीला टेकून बसले होते. मॅडम त्यांना सफरचंदाच्या फोडी करून हातात देत होत्या. अब्बा माझ्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाले, "तू ती सोनं बनवणारी ना? हिला सांग. पेपरात येईपर्यंत हिने औषध काढलं. आता बापाच्या डोळ्यात घालायला काय हरकत आहे?"

मी हसले. मॅडम हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. परिषदेला तीन आठवडे होते. म्हणाल्या, "काल रात्रभर एकच विचार येत होता. ते खरंच अब्बांच्या डोळ्यात घालायचं असतं, तर मी आधी काय काय तपासलं असतं? यादी केली. त्यातली एक गोष्ट आपण केलेली नाही."

"कुठली?"

"सोनं काढून टाकून उरलेलं पाणी अंड्यात घालून बघितलेलं नाही."

मी बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवली. सोनं तळाशी बसलं, वर पाण्यासारखा स्वच्छ द्रव उरला. तो मॅडमनी चकत्यांवर घातला. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं आणि भिंगासमोरून बाजूला झाल्या. मी पाहिलं. तेच पांढरं, मोकळं वर्तुळ. सोन्याचा कणही नव्हता तिथे. माझ्या साबणाने वाहिन्या जाळल्या होत्या.

मी म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे."

"तू वहीत लिहिलं होतंस. मी वाचलं आणि विचार केला नाही, कारण निकाल आवडला होता." त्यांनी भिंगाचा दिवा बंद केला. "दोघींची आहे. चल, आता प्राचार्यांना सांगून येऊ."

प्राचार्य म्हणाले, "अहो, पण बातमी छापून आलीये."

"मग अजून एक छापायला सांगा," मॅडम म्हणाल्या.

प्राचार्यांचं म्हणणं होतं की आजारपणाचं कारण सांगून परिषद टाळावी. घरात खरोखरच आजारपण होतं, कुणालाही पटलं असतं. मॅडमनी ते मनावर घेतलं नाही. घरी त्यांनी अब्बांना आधी सांगितलं. अब्बा म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तू माझं ऐकलं नाहीस ते बरंच झालं म्हणायचं!" मॅडमनी हे मला सांगितलं तेव्हा सांगता सांगता त्यांना हसू आलं, आणि मग त्यांनी डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

हैदराबादला मी गेले होते बरोबर. त्यांना दहा मिनिटं होती. त्यांनी पहिल्यांदा ते पांढऱ्या वर्तुळाचं चित्र पडद्यावर लावलं, सगळ्यांना नीट बघू दिलं आणि म्हणाल्या, हे चित्र आम्ही सोन्यामुळे आलं असं समजत होतो, ते चुकीचं आहे. मग दुसरं चित्र लावलं, बिनसोन्याचं. कण धुऊन घेतले नाहीत तर काय होतं, ते त्यांनी उरलेल्या वेळात सांगितलं. सभागृहात कुणी फारसं काही विचारलं नाही. मला वाटलं, संपलं.

जेवणाच्या सुट्टीत पुण्याच्या एका संस्थेतले वयस्कर शास्त्रज्ञ ताट हातात घेऊन आमच्या टेबलाशी आले. म्हणाले, "आमच्याकडेही तेच रसायन वापरतात. परत गेल्यावर आधी आमचीच बाटली तपासतो." मग बसले आणि त्यांनी विचारलं, "कण धुवायचे कसे ठरवलंत?" मॅडमनी सांगितलं की अजून जमलेलं नाही, आमचं यंत्र लहान आहे. "मग आमच्याकडे या," ते म्हणाले. मॅडमनी भात कालवायचा थांबवून पिशवीतून पेन्सिल काढली आणि पत्ता लिहून घेतला.

पुढचं दीड वर्ष आम्ही पुण्याला जाऊन येऊन होतो. कण पुन्हा पुन्हा धुतले, साबण काढून त्या जागी निरुपद्रवी आवरण बसवलं. या वेळी मॅडमनी आणखी एक नियम केला. बाटल्यांना काळा कागद गुंडाळलेला, वर फक्त अक्षरं; चकत्या मीच ठेवायचे आणि मोजणीआधी मीच काढायचे. कुठल्या अक्षरात सोनं आहे हे मला माहीत, त्यांना नाही. मी ते कागदावर लिहून लिफाफा बंद करायचा आणि त्यांची मोजणी संपेपर्यंत उघडायचा नाही. "मला सोनं दिसलं की वाहिन्या कमीच दिसतात," त्या म्हणायच्या. "माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

तिकडे अब्बांच्या डोळ्यावर लेझरचे उपचार चालू होते आणि डोळ्यात इंजेक्शनं द्यायची ठरली होती. ते औषधसुद्धा नव्या वाहिन्या फुटू न देणारंच होतं. अब्बा घाबरले होते. डोळ्यात सुई म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? मॅडमनी त्यांना दवाखान्याच्या बाकावर बसून समजावलं, "हे माझं औषध नाही, अब्बा. पण कुठेतरी कुणीतरी माझ्यासारखंच, आधी अंड्यात नाहीतर उंदरात, वर्षानुवर्षं बघितलं असणार. चुकलेही असतील. मग तुमच्यापर्यंत आलंय ते."

"त्यांनीपण सोनं काढून बघितलं असेल?" अब्बांनी विचारलं.

"त्यांचं जे काही असेल ते काढून बघितलं असेल."

अब्बा उठून आत गेले.

लिफाफा आम्ही एका शनिवारी दुपारी फोडला. मॅडमनी मोजणी संपवून आकडे अक्षरांपुढे लिहून ठेवले होते आणि मला म्हणाल्या, "तूच फोड." मी कागद उलगडला आणि वाचून दाखवायला लागले. धुतलेल्या सोन्याच्या अंड्यांत चकतीभोवती वाहिन्या होत्या, पण नव्या फांद्या कमी फुटल्या होत्या. पांढरं वर्तुळ कुठेच नव्हतं. सोनं जास्त, तसा फरक जास्त. बिनसोन्याच्या पाण्याने काहीच झालं नव्हतं. आणि सगळ्या अंड्यांत काळीज धडधडत होतं.

मॅडम उठल्या, पुन्हा बसल्या. "परत करू," म्हणाल्या.

आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच आलं. तिसऱ्या लिफाफ्यानंतर त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. "अब्बा, थोडंसं आवरतं." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "हो, थोडंसंच. पण सोन्यामुळेच." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या आणि टेबलावरचा गाळणकागद बोटाने सरळ करत होत्या.

पदवी त्यांना निवृत्तीच्या पुष्कळ आधी मिळाली. त्यांच्या प्रबंधात पांढऱ्या वर्तुळाचं एक अख्खं प्रकरण आहे. ते कुणी घालायला सांगितलं नव्हतं. पुण्याच्या संस्थेत त्यांचे कण आता उंदरांच्या डोळ्यांवर तपासायला घेतले होते आणि मॅडम सुट्टीत तिकडे जायच्या. माणसाच्या डोळ्यापर्यंत जायला किती वर्षं लागतील, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या हयातीत नाही होणार कदाचित. पण आता कुणी सुरुवातीपासून करायला नको."

दोन हजार चौदाला माझ्या नवऱ्याची बदली नाशिकला झाली. निघण्याच्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी मी तळ्याजवळच्या बाजारात भाजी घेत होते. पलीकडच्या दुकानांच्या रांगेसमोर मॅडम आणि अब्बा दिसले. अब्बांनी त्यांचा दंड धरला होता, पण आधारासाठी नाही, सवयीने. ते दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते.

मी हाक मारायला गेले आणि थांबले.

"फॅन्सी... फॅन्सी टेलर्स," अब्बा म्हणाले. "नूर बेकरी. जनता स्टोअर्स."

"ह्या पाठ आहेत तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. "वीस वर्षं बघताय. ते नका सांगू. ती नवीन आहे, ती वाचा."

अब्बांनी अधू डोळा हाताने झाकला आणि मान पुढे काढली. "मो... बा... ईल. मोबाईल दुरुस्ती."

"आणि खाली बारीक काय लिहिलंय?"

अब्बा दोन पावलं पुढे गेले. ओठ हलवून बघितले. काहीतरी ठोकून द्यावं असा त्यांचा विचार दिसला, कारण त्यांनी एकदा हळूच मुलीकडे पाहिलं.

"नाही दिसत," ते म्हणाले.

"बरं," मॅडम म्हणाल्या. आणि ती दोघंही पुढच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली.